खोबरेलातली रिंग

चेन्नईत भाड्याचं घर शोधायला निघालं की घरमालक काय विचारणार, हे चार-पाच घरं पाहून झाल्यावर मला पाठ झालं होतं. लग्न झालंय का, नोकरी कुठे, मांस-मच्छी खाता का. अण्णा नगरमधल्या त्या जुन्या घराच्या मालकांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी आधी माझ्या हनुवटीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "दाढी करतांना नळ बंद करतोस कां?"

त्या शहरात प्रश्न मराठीत आला म्हणून मी आधी दचकलो, मग म्हणालो, करतो.

"नेहमीं?"

"कधी कधी राहतो."

हे उत्तर त्यांना आवडलं असावं, कारण त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मग खाण्यापिण्याचं निघालं. मी सांगून टाकलं की मी सांगलीकडचा, आणि सगळं खातो. ते म्हणाले, "बरें केलेंस सांगितलेंस. मागचा मुलगा नाहीं म्हणाला होता आणि त्याच्या कचऱ्यांत हाडें निघालीं. तूं बाहेर खा. घरांत शिजवूं नको." अशी माडीवरची खोली मला मिळाली.

आळीत त्यांना सगळे राव सार म्हणत, सार म्हणजे सर. तिकडे मराठी बोलणारा दिसला की त्याला राव म्हणून मोकळे होतात. त्यांचं घराणं इतक्या पिढ्यांपूर्वी तंजावरला गेलं होतं की महाराष्ट्र ही त्यांच्या लेखी ऐकीव गोष्ट होती. आयुष्यात एकदाच ते पुण्याला गेले होते. कसं वाटलं विचारल्यावर म्हणाले, "तिथें सगळेच मराठी बोलतात पा. घरांतलें कोण, बाहेरचें कोण, कळत नाहीं." त्यांचं मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं, आणि त्याला तमिळ हेल, वाक्याच्या शेवटी आपल्या 'बाबा'सारखा तमिळ 'पा'. माझं मराठी त्यांना फार घाईचं वाटे. अर्धं वाक्य झालं की ते हात वर करून मला थांबवत आणि पहिल्यापासून बोलायला लावत.

चेन्नईजवळ आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात ते होते. रणगाड्यांच्या तेलाच्या नळ्यांना जी रबरी सीलं बसतात ती तपासायची, एवढंच काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. एखाद्या सीलाला चुकीचं ग्रीस लागलेलं दिसलं तर अख्खी खेप परत पाठवणारा माणूस म्हणून त्यांची तिथे दहशत होती, असं त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं. मीही अंबत्तूरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत होतो, त्यामुळे ही दहशत काय असते ते मला सांगावं लागलं नाही. घरीही त्यांचा तोच खाक्या होता. उशीर झाला, विसरलो, सुट्टी होती, असं काही म्हटलं की ते म्हणत, "कारण सांग. सबब नको." हे ते दूधवाल्याला म्हणत, बँकेत म्हणत, आणि एकदा त्यांना डॉक्टरांनाही म्हणताना मी ऐकलं.

घराच्या मागे विहीर होती. विहिरीजवळच्या भिंतीवर तीन निळी भांडी ओळीनं टांगलेली होती, प्रत्येक हातभर लांब. विहिरीचं पाणी मोटरनं वर चढताना या तीन भांड्यांतून गाळून जाई आणि मग गच्चीवरच्या टाकीत पडे. पहिल्या दोन भांड्यांत दोरा गुंडाळलेल्या कार्ट्रिजा, तिसऱ्यात कोळशाची. घरातला प्रत्येक नळ, माझ्या मोरीतला धरून, त्या पाण्यावर चाले. कार्ट्रिज गाळानं भरली की बदलावी लागे, आणि ती बदलण्याचा राव सारांचा जो प्रकार होता, तो पहिल्या रविवारी गच्चीतून पाहिला तेव्हा मला वाटलं, घरात कोणाचं तरी श्राद्ध आहे.

सकाळी डोक्यावरून आंघोळ केलेली. अंगाला ओला पंचा चिकटलेला. एका हातात भांडं फिरवायचा तो मोठा प्लॅस्टिकचा पाना आणि विहिरीच्या कठड्यावर वाटीत खोबरेल. मी मदतीला म्हणून खाली गेलो तर त्यांनी लांबूनच हात केला. "शिवूं नको. मडींत आहें."

मडी म्हणजे आपलं सोवळं. आणि सोवळ्यात कार्ट्रिज बदलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही.

हे सगळं होतं अक्कासाठी. अक्का ही त्यांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. लहानपणीच वैधव्य येऊन माहेरी परतलेली, आणि आई गेल्यावर या भावाला तिनंच वाढवलेलं. राव सारांनी लग्न केलं नाही, का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आवडीच्या गाडीसाठी ते पहाटे निघत तेव्हा डबा तिनं दिला, निवृत्तीच्या दिवसापर्यंत. तिचं सोवळं कडक होतं. ती प्यायला फक्त घरच्या विहिरीचं पाणी घेई, तेही आपण शेंदलेलं किंवा सोवळ्यातल्या हातानं आलेलं. शेजारी इमारतीसाठी खोल खणलं गेलं आणि विहिरीचं पाणी लालसर, गढूळ यायला लागलं. डॉक्टरांनी ते तसंच प्यायला बंदी केली. बाकी आळीसारखे राव सार स्वतः विकतच्या कॅनचं पाणी पीत. अक्का कॅनला हात लावेना. तिनं उपाय सोपा काढला, पाणीच कमी केलं. त्यातून लघवीचा संसर्ग होऊन ती इस्पितळात पडली आणि मरता मरता वाचली. घरी सोडताना डॉक्टर राव सारांना म्हणाले, औषधं मी देतो, पण यांच्या पोटात पाणी घालायचं काम तुमचं.

ते काम म्हणजे ही तीन भांडी. बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसानं पुढच्या खेपेला येऊन कार्ट्रिज बदलली, तेव्हा अक्कानं टाकी रिकामी करवली आणि त्या दिवशी पाण्याचा थेंब घेतला नाही. तेव्हापासून पाना राव सारांच्या हातात आला.

आता यात गंमत अशी की राव सारांचा मडीवर काडीचा विश्वास नव्हता. "कारण सांग म्हटलें तर कोणी सांगत नाहीं," असं ते माझ्यापाशी उघड म्हणत. पण अक्कापाशी ते खोटं बोलत नसत. अजिबात नाही. खोटं बोलायचं असतं तर सगळं सोपं होतं. अक्कानं विचारलं, कोळसा कशाचा? त्यांनी पत्ता काढत काढत कारखान्यापर्यंत जाऊन विचारलं आणि येऊन सांगितलं, नारळाच्या करवंटीचा. करवंटी अक्काला चालली. दोरा कशाचा? दोरा निघाला प्लॅस्टिकचा. ते त्यांनी तसंच सांगितलं, तिनं मान हलवली, आणि मग सुताचा दोरा गुंडाळलेली कार्ट्रिज मिळेपर्यंत त्यांनी पॅरिसमधल्या, म्हणजे चेन्नईच्याच जुन्या बाजारातल्या, किती दुकानदारांचे प्राण कंठाशी आणले ते त्यांचं त्यांना माहीत. रबर झाडाच्या चिकाचं, एवढं कळल्यावर रबराला तिची परवानगी मिळाली. भांड्याच्या तोंडाशी जी रिंग बसते, ती मग त्यांनी या चिकाची शोधून आणली.

अडलं ते ग्रीसवर. भांडं घट्ट बसावं म्हणून रिंगेला ग्रीस लावावं लागतं, नाहीतर ती पिळवटते. अक्काची भीती रास्त होती, ग्रीसमध्ये जनावराची चरबी असली तर? राव सारांनी सांगितलं, चरबी नाही, हें सिलिकोन, मूळ वाळूंतलें. अक्का म्हणाली, "वाळूला तेल कधीं सुटलें रे?"

यावर राव सारांनी हात टेकले. त्यांनी दिलेलं कारण खरं होतं, पण ते सबबीसारखं वाटत होतं. त्या दिवसापासून रिंगेला खोबरेल.

खोबरेलानं ती रिंग फुगते. फुगली की खोबणीत नीट बसत नाही आणि भांडं गळायला लागतं. हे मला ठाऊक होतं, आणि जन्मभर सीलं तपासलेल्या माणसाला तर ते झोपेतही ठाऊक असणार. तरी दर खेपेला ते वाटीत बोट बुडवत, रिंगेवरून अगदी नेमकं फिरवत, आणि महिन्याभरात पहिलं भांडं ठिबकायला लागे. खाली एक बादली कायमची ठेवलेली होती. मी एकदा न राहवून म्हटलं, "सार, तुम्ही कारखान्यात ही खेप परत पाठवली असती."

"पाठविलीच असती."

"मग?"

ते रिंग पुसत होते. "फुगली तर रिंग बदलतां येते पा," ते म्हणाले. "अक्का नाहीं बदलतां येत."

जुन्या कार्ट्रिजा ते टाकत नसत. करवतीनं आडव्या कापून कंपाउंडच्या भिंतीवर वाळत मांडत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत किती खोल गाळ गेला ते दाखवत. ही लाल आहे ना, तेव्हा पलीकडे खणत होते. ही काळी, पुराच्या वेळची. पोस्टमन बिचारा मुकाट ऐकून घेई. पाणी चांगलं आहे असं ते कधीच म्हणाले नाहीत. नवी कोळशाची कार्ट्रिज बसवली की पहिलं पाणी काळं येतं, ते ते नारळाच्या बुंध्याशी सोडत, मग निवळ आलं की पेला उजेडाला धरून म्हणत, "हरकत नाहीं." याहून मोठी शाबासकी त्या घरात कोणाला मिळत नसे.

मग एका उन्हाळ्यात ते विहिरीजवळच्या शेवाळावर घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर आलं. नेमकी कार्ट्रिज भरत आली होती. टाकीत पाणी बारीक होत होत करंगळीएवढं यायला लागलं, आणि मे महिना, कत्तिरी म्हणतात तो तिथला उन्हाचा भर. माझ्या आंघोळीला कमी पडलं तर मी कंपनीत उरकून घेत होतो. अक्का मात्र परत जपून, घोटभर पाणी घ्यायला लागली. तिचे ओठ सुकलेले मलाही दिसत होते.

भांडं उघडायला दोन हात लागतात. राव सारांनी देवळातल्या एका गुरुजींना बोलावून पाहिलं, त्यांनी पाना हातात घेऊन उलटसुलट केला आणि नमस्कार करून निघून गेले. ज्यांना मडी येत होती त्यांना पाना येत नव्हता. पाना येणारा माणूस घरात एकच होता, आणि तो मी.

मी म्हटलं, "मी बदलतो. अक्कांना सांगा तुम्हीच बदलली."

"खोटें?"

"त्यांच्या जिवासाठी."

"ही सबब," ते म्हणाले. "तिला आजवर जें सांगितलें तें खरें, म्हणून ती पिते. एक खोटें निघालें तर मागचें सगळें पाणी गेलें."

मला त्यांचा राग आला. म्हातारी सुकत चालली आहे आणि हा माणूस तत्त्वं धुऊन वाळत घालतोय असं वाटलं. पण ते तोवर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले होते.

"अक्का, कार्ट्रिज हा माडीवरला बदलील. हा आपल्यांतला नव्हे. मटण खातो. काल खाल्लें असेल, मी विचारलें नाहीं."

"परवा," मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक, पण त्या घरात चुकीची माहिती तशीच राहू द्यायची सोय नव्हती.

अक्का भाजी निवडत होती. तिनं मला आपादमस्तक पाहून घेतलं. "डोकीवरून न्हाशील कां?"

"हो."

"ओला पंचा?"

इथे मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. प्लॅस्टिकच्या भांड्यातली एक कार्ट्रिज बदलायची, तर मी ओलेत्यानं उभं राहायचं, आणि तरी मी आपल्यातला नव्हे तो नव्हेच. माझ्या वडिलांनी हे ऐकलं असतं तर मला त्याच पावली सांगलीला परत बोलावलं असतं, आणि ते बरोबरच होतं. पण अक्काचे ते ओठ समोर दिसत होते. मी "हो" म्हणालो.

"मी पिईन असें म्हणत नाहीं," अक्का म्हणाली. "तूं बदल. मग पाहूं."

सकाळी मी न्हालो, राव सारांचा पंचा नेसलो आणि विहिरीवर गेलो. मोटर बंद केली, कॉक फिरवला, भांड्यावरचं लाल बटण दाबून आतला दाब सोडला. राव सार बाजूला उभे राहून तोंडानं कारखाना चालवत होते. "बादली घे. आतां पाना. उलटा नव्हे पा." पहिलं भांडं सुटेना. मी झटापट करतोय हे न बघवून ते पुढे आले आणि त्यांनी डावा हात घातला. माझ्या तोंडून निघून गेलं, "सार, शिवू नका. तुमचं प्लास्टर आहे."

इस्पितळातली पट्टी, चार जणांनी हाताळलेली. सोवळ्यात मी होतो, ते नव्हते. ते दोन पावलं मागे गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अक्काचं हसू ऐकू आलं. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी तिन्ही कार्ट्रिजा बदलल्या. रिंगांना खोबरेल लावलं. काळं पाणी नारळाला सोडलं. निवळ आल्यावर पेला उजेडाला धरला आणि राव सारांकडे पाहिलं. "हरकत नाहीं," ते म्हणाले.

अक्कानं स्वतः कळशी भरली, पेला भरला, समोर ठेवला आणि पुन्हा भाजी निवडायला बसली. पेल्याकडे बघेना. राव सारांनी उंबऱ्याबाहेर खुर्ची ओढली. त्याच नळाचा एक पेला त्यांनीही भरून आणून समोर ठेवला, आणि तेही पिईनात. मी जिन्याच्या पायरीवर बसून हे पाहत होतो. ऊन चढलं. पंचा अंगावरच वाळला. भाजी निवडून संपली तरी अक्का देठ मोडत राहिली.

शेवटी ती म्हणाली, "तुझी रक्तदाबाची गोळी राहिली."

"हो."

"मग घे."

"तूं मोठी. तुझ्या आधीं कसा पिऊं?"

"हट्टी आहेस."

"कोणीं वाढविलें?"

अक्कानं पेला उचलला. त्या लोकांच्या रीतीनं, ओठ न लावता, उंच धरून धार घशात सोडली. तिचा गळा खाली-वर होत होता आणि राव सार त्या गळ्याकडे, एखादं सील धरतंय की नाही पाहावं, तसे टक लावून पाहत होते. तिनं पेला रिकामा करून उपडा घातला. मग त्यांनी आपली गोळी घेतली.

मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा थोडा रागही आला. ओला पंचा नेसायला लावणं चूक होतं असं मला आजही वाटतं. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा नेसेन, हेही खरं आहे.

प्लास्टर निघालं आणि पाना परत त्यांच्याकडे गेला. पुढच्या मार्गळी महिन्यात, थंडीत, अक्का गेली. पाण्यामुळे नाही. वय झालं होतं, ताप आला आणि उतरला नाही. शेवटी कोणीतरी देव्हाऱ्यातला गंगेचा बंद तांब्या आणला. राव सारांनी त्याचं तोंड बोटानं चाचपलं आणि तो खाली ठेवला. "ह्यांत काय आहे तें मज ठाव नाहीं," ते म्हणाले, आणि तिसऱ्या भांड्याखालच्या नळाचं पाणी आणून त्यांनी तिच्या तोंडात घातलं.

दिवसवार झाल्यावर मला वाटलं, आता हा सगळा खटाटोप संपला. मी अंबत्तूरहून चांगल्या सिलिकोन ग्रीसची एक ट्यूब आणली. रविवारी मागे मोटर बंद झाल्याचा आवाज आला तशी ती घेऊन खाली उतरलो.

राव सार विहिरीपाशी उभे होते. डोक्यावरून न्हालेले, ओला पंचा, कठड्यावर वाटी. मी ट्यूब कठड्यावर ठेवली. त्यांनी ती उचलून त्यावरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचलं.

"उत्तम माल," ते म्हणाले. ट्यूब त्यांनी भिंतीवरच्या जुन्या कार्ट्रिजांच्या शेजारी नीट उभी करून ठेवली आणि वाटीत बोट बुडवलं.

"सार, रिंग फुगेल."

"फुगूं दे."

ते रिंगेवरून बोट फिरवत राहिले. भांडं जड होतं आणि त्यांचं मनगट अजून कच्चं, म्हणून मी ते धरायला पुढे झालो.

"शिवूं नको पा," ते म्हणाले.

मी थांबलो आणि लांबूनच बादली भांड्याखाली सरकवली.